वजा पंचवीस हजारांची हिशेबपट्टी

वाशीमला मी प्रोग्रामिंग शिकायला लागलो तेव्हा ‘सी’ म्हणजे टर्बो सीचा निळा पडदा, असंच सगळे धरून चालायचे. क्लासमध्ये पेनड्राइव्ह फिरायचा. त्यातला फोल्डर कॉपी करायचा, डॉसबॉक्स उघडायचा आणि पाठ केलेल्या आज्ञा टाइप करायच्या. हे कशासाठी, ते कुणी सांगत नसे. कारण साधं आहे. टर्बो सी हा डॉसच्या जमान्यातला १६ बिटचा प्रोग्राम. ६४ बिटच्या विंडोजवर तो चालतच नाही, म्हणून आधी त्याच्यासाठी डॉसचा देखावा उभा करावा लागतो.

घरी सोयाबीनची हिशेबपट्टी होती. क्विंटल गुणिले भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा. पहिल्या प्रोग्रामला याहून चांगला विषय नाही, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. १० क्विंटल माल, भाव ४,०००. पडद्यावर गुणाकाराचं उत्तर आलं: -२५५३६. सूत्र तपासलं, एकेक अर्धविराम तपासला. सगळं जागच्या जागी होतं. क्लासमध्ये विचारलं तर ‘परीक्षेत एवढे मोठे आकडे येत नाहीत’ म्हणून बोळवण झाली. त्या उत्तराचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, कारण अशाच उत्तरांनी हुशार पोरांना वाटायला लागतं की आपल्यालाच हे जमत नाही.

घडलं होतं ते असं. टर्बो सीमध्ये ‘इंट’, म्हणजे पूर्णांकाचा प्रकार, १६ बिटचा असतो. ३२,७६७ च्या पुढची संख्या त्यात मावत नाही. मग ४०,००० मधून ६५,५३६ वजा होऊन जे उरतं ते दिसतं. आजच्या संगणकावर जीसीसी या कंपायलरमध्ये ‘इंट’ ३२ बिटचा असतो, तिथे हाच गुणाकार ४०,००० देतो. टर्बो सी आणि जीसीसी दोन्ही १९८७ साली आले. पहिल्याचं काम कधीच थांबलं, दुसऱ्यात आजही सुधारणा चालू आहेत आणि तो फुकट मिळतो. तरी आपल्याकडे पोरं टर्बो सीपुरतेच चालणारे ‘कोनियो.एच’ आणि ‘क्लिअरस्क्रीन’ घोकून नोकरीच्या ऑनलाइन चाचणीला बसतात. तिथला कंपायलर पहिल्याच ओळीला अडतो आणि वेळ निघून जातो.

म्हणून रिसोड, मानोरा, मंगरूळपीरकडची मुलं विचारतात तेव्हा मी सांगतो: सेटअप कुणाच्या पेनड्राइव्हमधून किंवा व्हिडिओखालच्या लिंकवरून घेऊ नका. सी शिकायचं तर जीसीसी घ्या. अभ्यासक्रमाची सक्ती नसेल तर पायथनपासून सुरुवात करा. पायथन.ऑर्ग या मूळ ठिकाणी विंडोजसाठी ‘स्टँडअलोन इन्स्टॉलर’ची फाइल मिळते. ती मोबाइलच्या डेटावरही सहज उतरते. ती उघडल्यावर पहिल्याच खिडकीत खाली ‘पाथ’चा चौकोन दिसतो. घाईत ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबणाऱ्यांचं इथेच अडतं. त्या चौकोनात खूण करा, नाहीतर कमांड प्रॉम्प्टला पायथन कुठे आहे तेच सापडत नाही.

दुसरी अडचण नोटपॅडची. फाइल सेव्ह करताना नावाच्या शेवटी ‘.पीवाय’ दिलं तरी नोटपॅड मागे गुपचूप ‘.टीएक्सटी’ जोडू शकतो, आणि विंडोज ते लपवून ठेवतं. फोल्डरच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फाइल एक्स्टेन्शन दिसतील असं करून घ्या. कोड वर्डमध्ये लिहू नका; त्याची वाकडी अवतरणचिन्हं पायथनला चालत नाहीत. लॅपटॉप नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं गूगल कोलॅब आहे, फक्त नेट हवं.

आता तीच हिशेबपट्टी करा. ‘इनपुट’ने वजन आणि भाव विचारा आणि गुणून पाहा. ‘टाइपएरर’ येईल. घाबरू नका, ‘इनपुट’ जे देतं तो मजकूर असतो, संख्या नव्हे. त्याला ‘फ्लोट’मध्ये घातलं की ९.६५ क्विंटलचाही हिशेब लागतो. मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे पायथन ३ मध्ये वजन मराठी अंकांत टाइप केलं तरी ‘फ्लोट’ ते ओळखतं. चलांची नावं ‘वजन’, ‘भाव’ अशी देवनागरीत ठेवली तरी चालतात. कोडमध्ये थेट लिहायचे आकडे मात्र इंग्रजीच हवेत.

चूक आली की पायथनमध्ये सगळ्यात खालची ओळ आधी वाचा. सीमध्ये उलट: पहिली चूक दुरुस्त करा, तिच्यामुळे आलेल्या बाकीच्या बऱ्याचदा आपोआप जातात. आणि दाखवलेल्या ओळीत काही सापडलं नाही तर तिच्या वरच्या ओळीत अर्धविराम राहिलाय का ते बघा.

पट्टीवरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा जुळला की त्याच प्रोग्रामला एका खेपेऐवजी हंगामातल्या सगळ्या खेपांची वजनं द्या. तिथे लूप लागेल, तो त्याच वेळी शिका.