घरी आणलं, आता पुढे काय?

प्रश्न : माझे यजमान (वय ४४) जिल्हा परिषदेत लिपिक आहेत. आठ महिन्यांपूर्वी दुचाकीच्या अपघातात मेंदूला मार लागला. चालतात, बोलतात, पण विसरतात, चिडतात, दिवसभर पडून राहतात. नोकरी जाईल का?

उत्तर : ताई, आधी एक सांगते, ते आळशी झालेले नाहीत. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की कामाला आपणहून सुरुवात करणंच जमेनासं होतं. यावरचा उपचार आता दवाखान्यापेक्षा तुमच्या गल्लीत जास्त आहे. टेबलावर बसून केलेले स्मरणशक्तीचे व्यायाम दुकानात आपोआप उपयोगी पडत नाहीत. काम जिथे करायचं, तिथेच ते पुन्हा शिकावं लागतं.

रोज ठरल्या वेळी त्यांना दूध आणायला पाठवा. खिशात चिठ्ठी, मोबाइलला गजर. पहिला आठवडा सोबत चाला, मग दहा पावलं मागे राहा, मग दुकानदाराला सांगून ठेवा आणि एकटं जाऊ द्या. पुढच्या पायऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून ठरवून घ्या. चिडचिड बहुधा थकव्यातून आणि गोंगाटातून येते. दुपारची विश्रांती चुकवू नका. डॉक्टरांनी सांगेपर्यंत गाडी मात्र नको.

नोकरीबाबत : २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २०नुसार, सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर आणता येत नाही. जुनं काम झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी अर्ज करा आणि कुणीही सांगितलं तरी घाईने राजीनाम्यावर सही होऊ देऊ नका.