आकाशगंगेचा नकाशा

दिवाळीच्या अमावास्येला रात्री दिव्यांपासून दूर, शेतात जाऊन वर पाहा. डोक्यावरून एक दुधाळ पट्टा गेलेला दिसेल. तीच आकाशगंगा. ती असंख्य ताऱ्यांची वस्ती आहे. आपला सूर्य त्या वस्तीतलाच एक तारा. म्हणजे आपण आकाशगंगेच्या आतच राहतो.

मग तिचा आकार कसा कळणार? नाशिककडच्या मोठ्या द्राक्षबागेत मधोमध उभे राहा. चारी बाजूंना वेलीच वेली. बाग लांबट की चौकोनी, हे तिथून सांगता येईल का? आकाशगंगेचीही तीच अडचण. त्यात मध्ये धुळीचे ढग. त्यांच्या पलीकडचे तारे डोळ्यांना दिसतच नाहीत.

पण धुक्यात मोटार दिसत नसली, तरी तिचा भोंगा ऐकू येतो. ताऱ्यांच्या मधल्या जागेत हायड्रोजन नावाचा वायू आहे. त्यातून रेडिओच्या लहरी निघतात. एका लहरीची लांबी २१ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे एक वीत. धूळ तिला अडवत नाही. ही लहर माणसाने प्रथम १९५१ साली पकडली.

मोटार जवळ येताना भोंगा बारीक वाटतो, लांब जाताना जाडा वाटतो. या लहरीचेही तसेच आहे. वायूचे सारे ढग आकाशगंगेच्या गाभ्याभोवती फिरतात. आतल्यांचा फेरा लवकर संपतो, बाहेरच्यांना जास्त वेळ लागतो. म्हणून काही ढग आपल्याकडे येतात, काही लांब जातात. लहर किती बदलली, यावरून ढग कुठे असेल याचे गणित मांडतात.

असे गणित करून हॉलंड व ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९५८ साली नकाशा जुळवला. आकार दिसला तो फिरत्या भुईचक्रासारखा. मध्ये गाभा, भोवती वळणदार हात. आपण त्यातल्या मृग नावाच्या लहानशा हातात राहतो. गाभ्यापासून आपल्याकडे यायला प्रकाशालाही सुमारे २६ हजार वर्षे लागतात!

अशा लहरी ऐकणारी मोठी दुर्बीण आपल्या शेजारीच आहे, बरं का! नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव लागते. तिथून जवळच खोडद गाव. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने त्या भागात ३० तबकड्या उभ्या राहिल्या. एकेक तबकडी ४५ मीटर रुंद आहे.

आकाशातून येणारी लहर फार मंद असते. मोबाइलच्या किंवा विजेच्या ठिणगीच्या गोंगाटात ती बुडून जाते. म्हणूनच नाशिक-पुणे रेल्वेचा नारायणगावावरून जाणारा मार्ग बाजूला ठेवल्याचे २०२५ साली रेल्वेमंत्र्यांनी सांगितले. पुष्कळ लोक नाराज झाले. त्यांची गैरसोय खरी आहे. रेल्वे आम्हालाही हवी. पण रेल्वेला वळसा घालता येतो. तबकड्या उचलून दुसरीकडे नेणे सोपे नाही.

आकाशगंगेचा नकाशा अजून पुरा झालेला नाही. मोठे हात दोन की चार, यावर जाणत्यांचे एकमत नाही. गाभ्याच्या पलीकडची बाजू तर बरीचशी कोरीच आहे. ती भरण्याचे काम जगभर चालू आहे. त्या कामाला शांतता का लागते, एवढे आपण समजून घेतले तरी पुष्कळ झाले.