इंग्लंडात जुनं घर घेताय? खिडकीला हात लावण्यापूर्वी

मॉर्गेज, शाळा आणि डॉक्टर या प्रकरणांना मजकूर इतका आला की कापावा लागला. खिडक्यांवर वेगळं प्रकरण कशाला, असं आम्हालाही आधी वाटलं होतं. पण व्हिक्टोरियन किंवा जॉर्जियन घर घेतलेल्या मंडळींचे फोन येतात ते याच विषयावर. लिहिणाऱ्यांची मतं त्यांची त्यांच्यापाशी ठेवली आहेत. सगळं इंग्लंडपुरतं आहे.

बाथहून एक ताई

मुद्द्याचंच लिहिते. ऑफर देण्याआधी हिस्टॉरिक इंग्लंडच्या यादीत पोस्टकोड घालून घर लिस्टेड आहे का ते बघा. पैसे पडत नाहीत. ग्रेड एक, दोन-तारा आणि दोन असे दर्जे आहेत. आपल्या वाट्याला बहुधा ग्रेड दोन येतं. दोन म्हणजे किरकोळ असं समजू नका. परवानगीचा नियम तोच, आणि तो घराला आतून-बाहेरून लागू. लिस्टेड नसेल तर कॉन्झर्वेशन एरिया आहे का आणि तिथे ‘आर्टिकल फोर’ लावलंय का, हे काउन्सिलला विचारा. ते नसेल तर साध्या घराला जुन्यासारखीच दिसणारी खिडकी सहसा परवानगीशिवाय बसवता येते. फ्लॅटला ही सूट नाही. शिवाय लीजहोल्ड फ्लॅटची खिडकी पुष्कळदा तुमची नसतेच, फ्रीहोल्डरची असते. लीज काढून वाचा.

लिस्टेड घराची खिडकी बदलायला लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट लागतो. अर्जाला फी नाही. निकालाला साधारण आठ आठवडे, तेही काउन्सिलने अर्ज ‘पूर्ण’ धरल्यापासून. परवानगीशिवाय बदल करणं फौजदारी गुन्हा आहे. त्यासाठीच्या काउन्सिलच्या नोटिशीला कालमर्यादा नाही आणि ती घराबरोबर येते. म्हणजे आधीच्या मालकाने केलेलं नव्या मालकाने निस्तरायचं. म्हणून घर बघायला जाल तेव्हा मागच्या बाजूच्या खिडक्यांवर टिचकी मारून बघा. प्लॅस्टिक असेल तर परवानगीचा कागद मागा.

क्रम असा ठेवा: आधी दुरुस्ती, मग फटींना ब्रशच्या पट्ट्या, मग आतून दुसरी काच, आणि हे सगळं करून भागलं नाही तरच नवी खिडकी. थंडी काचेतून येते त्याहून जास्त फटीतून येते असं वाटतं, आणि जुन्या, वर-खाली सरकणाऱ्या सॅश खिडकीच्या बाबतीत ते बरंचसं खरंही असतं. आतल्या लाकडी झडपा शाबूत असतील तर रात्री लावून घ्या. काचेतून जाणारी निम्म्याहून अधिक उष्णता तिथेच अडते. आतली दुसरी काच जुन्या चौकटीला धक्का न लावता बसते, म्हणून तिला सहसा कुणी अडवत नाही. तरी विचारून, लेखी उत्तर घ्या.

सॅशची परीक्षा सोपी आहे. खालची झडप अर्धी वर करून हात सोडा. जागेवर राहिली तर आतल्या दोऱ्या आणि बिडाची वजनं ठीक आहेत. धाडकन खाली आली तर दोरी तुटलीय, आणि ते एका दिवसाचं काम आहे. हललीच नाही तर बहुधा रंगाच्या थरांनी चिकटलीय. ते थर मात्र घासायला बसू नका, जुन्या रंगात शिसं असतं. डबल ग्लेझिंगचं तावदान जुन्या झडपेत बसवलं तर वजनंही जड घालावी लागतात. कारागीर हे आपण होऊन सांगत नसेल तर दुसरा कारागीर बघा.

नाव आणि गाव न देण्याच्या अटीवर

गाव छोटं आहे आणि त्या ऑफिसात मला अजून जायचंय, म्हणून अट.

आमचं घर ग्रेड दोन. जानेवारीत मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावरचा कागद खिडकी बंद असताना हलायचा. सेल्समन आला, चहा प्यायला, ‘इकडे सगळेच बसवतात’ म्हणाला. नशीब, हिने सही करू दिली नाही. मग मी शहाण्यासारखा अर्ज करायला गेलो. पहिला अर्ज परत, कारण नकाशावर घराभोवती लाल रेघ नव्हती. रेघ मारली. दुसरा परत, कारण काचांमधल्या लाकडी पट्टीचा छेद पूर्ण आकारात काढलेला नव्हता. मी सॉफ्टवेअरवाला, सुताराचा छेद मी कुठून काढू? एका माणसाला पैसे देऊन काढून घेतला. प्रत्येक वेळी ते आठ आठवडे नव्याने सुरू.

शेवटी कॉन्झर्वेशन ऑफिसर बाई आल्या. त्यांनी खिशातून पट्टी काढली आणि मोजलं. आमच्या जुन्या पट्ट्या 18 मिलिमीटरच्या, चित्रातल्या 24. सहा मिलिमीटर! मला हसूच आलं. त्यांना आलं नाही. मग त्यांनी मला समोरच्या फुटपाथवर नेलं आणि शेजारच्या घराची नवी खिडकी दाखवली. जाड पट्ट्या, आरशासारखी सपाट काच. मग आमची. काचेत समोरचं झाड लाटेसारखं वाकडं दिसत होतं. हाताने फुगवून केलेली जुनी काच आहे म्हणाल्या, आता मिळत नाही. पटलं, पण ते कबूल करायची माझी तयारी नव्हती.

अर्ज नामंजूर. आता आतून दुसरी काच आहे, कागद हलत नाही. माझं म्हणणं एवढंच की हे पहिल्याच दिवशी कुणी फुटपाथवर नेऊन सांगितलं असतं तर एक अख्खा हिवाळा वाचला असता. अर्जाआधी सल्ला मागायची सोय असते, पुष्कळ ठिकाणी तिचे पैसे पडतात. द्या. मी वाचवले आणि दुप्पट घालवले.

लीड्सहून एक ज्येष्ठ गृहस्थ

मंडळी तक्रार करतात की इंग्रज लोक खिडकीपायी जीव काढतात. मी म्हणतो, काढू देत. आमचा सदाशिव पेठेतला वाडा आम्ही चार भावांनी बिल्डरला दिला. दिंडी दरवाजा, सागवानी खांब, माडीच्या महिरपी, सगळं भंगाराच्या भावाने गेलं. तेव्हा पट्टी घेऊन मोजायला कुणी आलं नाही आणि आलं असतं तर आम्हीच हाकलला असता. आज नातवाला दाखवायला एक फोटो आहे, तोही लग्नातला, मागे वाडा अर्धाच दिसतो.

लंडनला आलात तर किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर बघून या. बाबासाहेब 1921-22 साली तिथे राहिले. महाराष्ट्र सरकारने 2015 साली ते घेतलं, तरी संग्रहालय म्हणून वापरायला प्लॅनिंगची परवानगी मिळेपर्यंत 2020 उजाडलं. नियम सरकारलाही चुकले नाहीत, आपण कोण?

आणि तरुणांनो, तोरणासाठी लिस्टेड दाराच्या चौकटीला खिळा ठोकू नका. चिकटपट्टीचा हूक लावा. आकाशकंदील मात्र खिडकीत आतून टांगाच. माझ्या इंग्रज शेजारणीला दिवाळी कधी आहे ते मला सांगावं लागत नाही.

लेस्टरहून एक वहिनी

फटी बुजवल्या की घरातली वाफ बाहेर जात नाही, हे कुणी सांगत नाही. कुकरच्या चार शिट्ट्या, भात, दोरीवर वाळणारे कपडे: सकाळी काचेवर पाणी, महिन्याभरात खालच्या लाकडावर काळी बुरशी. लाकूड तिथूनच कुजतं आणि मग ‘खिडकी बदला’ म्हणतात. फोडणी देताना पंखा लावा, तो बाहेर हवा टाकणारा हवा, नुसता फिरवणारा नको. सॅशची वरची झडप दोन बोटं खाली ओढा. ती त्याचसाठी असते. सकाळी खालची कड फडक्याने पुसून घ्या.

खर्च

यावर कुणी लिहायला तयार झालं नाही. एवढं नक्की की लिस्टेड घराच्या मंजूर बदलांवरची व्हॅटची सूट 1 ऑक्टोबर 2012 पासून बंद आहे, तेव्हा अंदाजपत्रकात व्हॅट धरलाय का ते बघा.

स्कॉटलंडचे कायदे वेगळे आहेत आणि एडिंबराकडून एकही मजकूर आला नाही. तिकडच्या कुणी सॅशचं काम करून घेतलं असेल तर पुढच्या आवृत्तीसाठी दिवाळीच्या आत लिहून पाठवा. फोटो पाठवाल तर फुटपाथवरून काढलेला पाठवा.