तुझ्या हाताची मजुरी

काय गो बाय, ‘या वयात आता नवीन काय सुरू करणार’ असं तू गेल्या खेपेला म्हणालीस, तेव्हा मी मुद्दाम गप्प बसले. घरात चार माणसं होती. आज मोकळेपणाने बोलते.

तू चव्वेचाळिशीला आलीस. मुलगा शिकायला पुण्याला गेला. शाळेतली तुझी कारकुनी कंत्राटावरची, पुढच्या जूनमध्ये असेल-नसेल. अशा वेळी धंद्याचा विचार मनात येणं हे काही खूळ नव्हे. पण तू मला विचारलंस, ‘कुठला कोर्स करू?’ माझं म्हणणं, कोर्स मागाहून बघू. आधी वही घे आणि गेली वीस वर्षं तू जे फुकटात करत आलीस ते लिहून काढ.

मे महिन्यात रतांबे फोडून सोलं कोण घालतं? चतुर्थीला आलेले चाकरमानी परत निघाले की त्यांच्या पिशव्यांत काजूगर, आगळाची बाटली, कुळथाची पिठी कोण भरतं? नवऱ्याच्या ऑफिसातली माणसं आपल्या शिरोड्याला वेळागरचा समुद्र बघायला आली की त्यांना घावणे नि सोलकढी कोण वाढतं? या सगळ्याला घरात ‘हौस’ म्हणतात. बाजारात याच कामाला दर आहे. तुला जो बदल करायचाय तो इथेच आहे. काम बहुतेक तेच राहील, फक्त त्याचा हिशोब सुरू होईल आणि तो तुझ्या नावावर होईल.

हे मी मनाचं सांगत नाही. कमलाबाई ओगल्यांचं बघ. जन्म 1913 चा, शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत. जन्मभर रांधलं-वाढलं. ‘रुचिरा’ आलं 1970 मध्ये, म्हणजे पन्नाशी केव्हाच उलटल्यावर. स्वयंपाक त्या आधीही करत होत्याच. पुस्तकात त्यांनी वाटी-चमच्याचं माप दिलं. ‘अंदाजाने घालावे’ म्हणणाऱ्या घराघरांत माप पोचलं आणि पुस्तक आवृत्त्यांवर आवृत्त्या खपलं. मुंबईत गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकाही वर्षानुवर्षं पहाटेपासून पोळ्या लाटत होत्या आणि किराण्यासाठी सावकाराचं व्याज भरत होत्या. 1975 मध्ये गोव्याच्या प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. पोळ्या त्याच, गिऱ्हाईक तेच. पण कर्ज बँकेचं आणि तेही बाईच्या नावाने.

एवढं लांब कशाला, वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीवर जाऊन ये. स्वामिनी बचत गटाच्या बायका 2017 पासून तिथे पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. खाडी त्यांच्या रोजच्या पायाखालची, चिखल ओळखीचा. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातून प्रशिक्षण आणि मदत मिळाली, झाडांच्या जाती नि पक्षी ओळखायला त्या शिकल्या. आता स्वतः वल्ही मारतात आणि माहिती सांगतात. त्यांनी शिकून घेतलं ते आधीच्या ओळखीवर. शून्यातून नव्हे. तुझाही कोर्स असाच निवडू, जे हातात आहे त्याला पुढे नेणारा.

आता काजूचा हिशोब घालून बघू, कारण तुझं मन तिकडेच ओढतंय हे मला ठाऊक आहे. साधारण चार किलो काजूबीतून एक किलो गर निघतो. समज, बी किलोला 120 रुपयांनी मिळाली. झाले 480. जळण, पिशव्या, लेबल मिळून 50 धर. बी भाजणं किंवा उकडणं, कटरवर फोडणं, वाळवणं, वरची साल काढणं, निवडणं यात तुझे चार तास जातात. बाहेरून बाई लावलीस तर तासाला 75 रुपये द्यावे लागतील, म्हणजे 300. एकूण 830. आता विक्री. सगळा गर अख्खा निघत नाही. पाकळी होते, तुकडा होतो, आणि त्यांना दर कमी. सगळं मिळून किलोमागे 900 आले असं मान. आपल्यातल्या दहातल्या नऊजणी म्हणतील, ‘370 सुटले!’ खरे सुटले 70. उरलेले 300 ही तुझ्या हाताची मजुरी. ती आधी बाजूला काढ, मग जे राहील त्याला नफा म्हण. नफा 70 च असेल तर घाबरू नकोस, पण त्या 70 मध्येच वाया गेलेला माल, उधारी आणि बिघडलेला कटर भागवायचाय हे लक्षात ठेव.

काजूत दुसरी मेख भांडवलाची. बी येते फेब्रुवारीअखेर ते मेपर्यंत. ती तेव्हाच घेऊन, वाळवून, साठवून ठेवायची. विक्रीचा जोर मात्र चतुर्थी आणि दिवाळीला. म्हणजे पैसे चार-सहा महिने पोत्यांत अडकून पडणार. घरखर्चाचे पैसे त्यात घालू नकोस. काजूच्या टरफलातला चीक हाताला लागला की कातडी सोलते, म्हणून तेल लावून किंवा हातमोजे घालूनच बसायचं. हे तुला आईने शिकवलंय, पण कामाला बाई ठेवलीस की तिच्या हातमोज्यांचा खर्चही तुझाच.

सोलांचं गणित निराळं. भांडवल कमी, पण जीव ऊन-पावसाच्या हातात. रतांबा अर्धा करायचा, बिया नि गर काढायचा, मीठ घातलेल्या रसात साल बुडवायची, उन्हात घालायची, संध्याकाळी परत रसात, सकाळी परत उन्हात. रंग काळपट जांभळा चढेपर्यंत हे चालूच. आपल्या मिठागरातलं जाडं मीठ त्याला झकास लागतं. पण 2025 साली पाऊस 25 मेलाच सिंधुदुर्गात येऊन ठेपला. सोलं अंगणात होती त्यांचं काय झालं असेल ते तुला सांगायला नको. तेव्हा सोलांचा धंदा करायचा तर पहिली गुंतवणूक छापील पिशवीत नको, आच्छादलेल्या सोलर ड्रायरमध्ये कर. आणि बिया टाकू नकोस, त्यांचं मुठेल निघतं.

आता नोकरीचं. ‘राजीनामा देऊनच टाकते’ हे तुझं वाक्य मला पटलं नाही. शिरोड्यात राहून तू असं म्हणतेस याचं नवल वाटतं. वि. स. खांडेकर 1920 मध्ये आपल्या गावात मास्तर म्हणून आले. ‘हृदयाची हाक’, ‘उल्का’ या कादंबऱ्या आल्या त्या मास्तरकी चालू असताना. 1936 च्या ‘छाया’ चित्रपटाची कथा-पटकथा लिहिली तीही शिरोड्यात असतानाच. 1938 मध्ये, चाळीस वर्षांचे असताना, ते कोल्हापूरला गेले. तोवर लेखणीवर घर चालेल अशी वाट पडलेली होती. ‘ययाती’ तर त्यानंतर एकवीस वर्षांनी आली. तूही एक पूर्ण वर्ष नोकरी सांभाळून कर. वर्ष का? तर काजू-रतांब्याचा हंगाम, पावसाचे चार महिने, चतुर्थी, दिवाळी, नाताळ हे सगळं एकदा वहीत उतरलं पाहिजे. कोकणात मे महिन्याच्या गल्ल्यावरून वर्षाचा अंदाज बांधणारा जुलैत फसतो.

कागदांकडे वळू. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि फुकट होते. ‘करून देतो’ म्हणून हजार रुपये मागणाऱ्याला दारातूनच परत पाठव. खाण्याचा पदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी हवी. बँकेत धंद्याचं खातं वेगळं काढ, तुझ्या एकटीच्या नावाचं. नवरा चांगला आहे म्हणूनच सांगते, चांगल्या माणसाशी हिशोब स्वच्छ ठेवणं सोपं असतं.

कर्ज लागलंच तर सुरुवातीला मुद्रा योजनेतलं ‘शिशु’ कर्ज पुरे, 50 हजारांपर्यंतचं. मोठं काही करायचं ठरलं तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात कर. ती योजना नव्या उद्योगासाठी आहे आणि तिला वयाची वरची मर्यादा नाही. ग्रामीण भागातल्या बाईला स्वतःचे 5 टक्के घालावे लागतात, 35 टक्के अनुदान असतं. पण ते अनुदान हातात रोख पडत नाही. तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. ‘सबसिडीतून छप्पर घालू’ असा बेत घरात कोणी मांडला तर हे सांग.

पाहुण्यांसाठी खोल्या काढायचं तुझ्या मनात आहे. वेळागर जवळ, सुरूची बनं आहेत, गोव्यात मोपाचा विमानतळ झाल्यापासून बाहेरचं माणूस लवकर पोचतं. पर्यटनातल्या बायकांसाठी राज्याचं ‘आई’ धोरणही 2023 पासून आहे, त्यात कर्जाच्या व्याजाचा परतावा मिळतो. पण आधी सातबारा काढून बघ. आपल्याकडे एका उताऱ्यावर पंधरा नावं, त्यातली अर्धी मुंबईला, दोन वारलेली आणि वारस लागलेले नाहीत. घर तारण ठेवायचं म्हटलं की बँक सगळ्यांच्या सह्या मागते. ठरावीक रकमेपर्यंतच्या सूक्ष्म उद्योगाच्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो मॅनेजरला नम्रपणे आठवून दे. सामायिक घरावर खर्च करण्याआधी मात्र भावकीशी बोल आणि बोललेलं लिहून घे. धंदा चालला नाही तर कोणी वाटा मागत नाही. चालला की सगळ्यांना आजोबांचं घर आठवतं.

शरीराचंही बघायला हवं. रात्री झोप उडते, मधेच अंगातून वाफा निघतात, गुडघा कुरकुरतो, हे तू कोणाला सांगत नाहीस. धंदा निवडताना ते जमेत धर. पन्नास किलोचं पोतं तू उचलायचं नाहीस, हमालाला पैसे द्यायचे. उकिडवं बसून काजू फोडण्यापेक्षा उंच टेबलावर कटर बसव. सासूबाईंचं औषधपाणी तुझ्याकडे आहे, तर त्यांच्या वेळा सांभाळता येतील असंच काम घे. पंचविशीतली पोर हे सगळं न बघता उडी घेते. तू बघतेस. त्याला भित्रेपणा समजू नकोस. कुठला दुकानदार उधारी बुडवतो, कुठल्या वाडीतला रतांबा रसाळ, कोणाच्या शब्दावर माल द्यावा, हेही तुलाच माहीत आहे, आणि ते कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक घरचंच. भावोजी बरणी उचलतील आणि म्हणतील, ‘आपल्याच माणसाकडून पैसे घेतेस?’ भांडू नकोस. दरपत्रक छापून ओटीवर लाव, अगदी ठळक. भेट द्यायची तर खुशाल दे, पण वहीत ‘भेट’ म्हणून रक्कम लिही. वर्षअखेरीस ती बेरीज नवऱ्याला दाखव. मला काही बोलावं लागणार नाही.

आणि पहिला माल तयार झाला की दोन किलो काजूगर माझ्याकडे पाठव, बिलासकट. मोठी बहीण म्हणून एक रुपयाही कमी करायचा नाहीस. केलास, तर तुझ्या मजुरीतले 75 रुपये कापलेस असं धरून मीच तुला पुन्हा हिशोब शिकवायला येईन.