गाव सुटले की अंग दुखते

कासारसाईच्या माझ्या दवाखान्यात एक आजी वर्षभर येत होत्या. तक्रारी त्याच त्या : डोके जड, छातीत धडधड, पाठीत चमका, भूक नाही. रक्त, लघवी, ई.सी.जी. सारे ठीक. मी गोळ्या बदलत राहिलो. एकदा सहज विचारले, ''आजी, तुमचं मूळ गाव कोणतं?'' डोळ्यांना पदर लावून त्या म्हणाल्या, ''धरणात गेलं. डोळा लागला की घराचा उंबराच दिसतो.'' हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

आपल्या मुळशीला विस्थापन नवे नाही. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी येथेच सत्याग्रह केला. जमिनीची भरपाई ठरवता येते. भावकी, देवाचे ठाण, शेजार यांची कशी ठरवणार?

१९७५ नंतर व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस सोडून लाखो निर्वासित परदेशी गेले. तेथील डॉक्टरांनाही हेच दिसले. रुग्ण डोकेदुखी, अंगदुखी, निद्रानाश सांगत. मनातले दुःख विचारल्याशिवाय बाहेर येत नसे. त्यांच्यामागे युद्ध होते, आपल्याकडे धरण. पण मुळे तुटलेले मन अनेकदा शरीराच्याच भाषेत बोलते. हे ढोंग नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे.

गाव सुटल्याचे दुःख होणारच. तो आजार नव्हे. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप किंवा भूक नसणे, कशातच रस न वाटणे, कामात लक्ष न लागणे अशी लक्षणे राहिली, किंवा दारू वाढली, तर डॉक्टरांना दाखवावे. रक्तक्षय, थायरॉईड, मधुमेह आधी तपासून घ्यावेत.

घरच्यांनी ''विसरा आता'' असे म्हणू नये. जुन्या गावाबद्दल बोलू द्यावे, जुन्या शेजाऱ्यांची गाठ घालून द्यावी. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. तसे असेल तर माणसाला एकटे सोडू नये, कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. उदासीवरील गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तेथे दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो.

आजींना औषध सुरू केले. मुलगा त्यांना अधूनमधून जुन्या शेजारणींकडे नेऊ लागला. पाठ अजून दुखते, पण झोप लागते. आता त्या दवाखान्यात आल्या की आधी गावच्या गोष्टी सांगतात, मग दुखणे.