ध्वनितंत्राचे शिक्षण आणि अर्धवट पदवीचा प्रश्न

बीड जिल्हा हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून राज्यास परिचित आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन साखर कारखान्यांची वाट धरणाऱ्या कुटुंबांतील मुलेमुली आज महाविद्यालयांत शिकत आहेत. पदवीपर्यंत पोहोचणारे त्यांच्यातील अनेकजण घराण्यातील पहिलेच असतात. असा एखादा विद्यार्थी मध्येच महाविद्यालय सोडून ध्वनिअभियांत्रिकी शिकण्याचा मानस व्यक्त करतो, तेव्हा आईवडील गोंधळून जातात आणि शिक्षकांचा किंवा सरपंचांचा सल्ला घेतात. अशा वेळी मुलास वेड्यात काढणे जितके अयोग्य, तितकेच माहिती न घेता होकार देणेही अयोग्य होय.

व्यवसायाचे स्वरूप

कीर्तनाच्या मंडपात ध्वनिक्षेपक लावणे ही या विद्येची केवळ पहिली पायरी आहे. नभोवाणी, दूरचित्रवाणी, रंगभूमी व चित्रपट या सर्वांना ध्वनिमुद्रक आणि ध्वनिमिश्रक लागतात. राजकमल कलामंदिरातील मंगेश देसाई यांनी ‘शोले’ (१९७५) सारख्या चित्रपटांचे ध्वनिमिश्रण करून या क्षेत्रात मराठी नाव अग्रभागी नेले. धनगर कुटुंबाच्या जीवनावरील ‘ख्वाडा’ या मराठी चित्रपटास २०१४ च्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत चित्रीकरणस्थळीच्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मिळाला. ग्रामीण बोली आणि माळरानाचे आवाज ओळखणारा कान हे या व्यवसायातील भांडवलच आहे.

पदवीची अट

तथापि, निर्णयापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पुण्याची भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था ही प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली सुरू झाली. तेथील ध्वनिमुद्रण व ध्वनिसंरचना हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे. पदवी कोणत्याही शाखेची चालते. मात्र बारावीस भौतिकशास्त्र विषय असावा लागतो. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेतही ध्वनीचा मुख्य अभ्यासक्रम पदवीधरांसाठीच आहे. २००९ साली ध्वनिमिश्रणाचे ऑस्कर मिळविणारे केरळचे रसूल पुकुट्टी हे भौतिकशास्त्राचे शिक्षण घेऊनच पुण्याच्या संस्थेत आले होते. म्हणजे ध्वनीच्या ओढीने पदवी सोडणारा विद्यार्थी त्याच विद्येच्या शासकीय संस्थांचे दार स्वतःच बंद करून घेतो. प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षीच्या अधिसूचनेत पडताळून पाहाव्यात.

खासगी अभ्यासक्रम

मुंबई-पुण्यातील अनेक खासगी वर्गांना पदवी लागत नाही. शुल्क मात्र भारी असते. त्यासाठी उचल किंवा शेत गहाण टाकण्यापूर्वी पालकांनी काही प्रश्न विचारावेत. प्रमाणपत्रास मान्यता कोणाची? शिष्यवृत्ती वा शैक्षणिक कर्ज त्यावर मिळते काय? प्रत्येक विद्यार्थ्यास यंत्रावर प्रत्यक्ष किती तास बसावयास मिळते? मागील वर्षांचे विद्यार्थी कोठे काम करतात? उत्तरे लेखी मिळाली नाहीत, तर पैसे भरू नयेत.

सोडावेच लागले तर

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीचे एक वर्ष पूर्ण करणाऱ्यास प्रमाणपत्र व दोन वर्षे पूर्ण करणाऱ्यास पदविका मिळण्याची तरतूद आहे. मिळविलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात. म्हणून वर्षाच्या मध्ये नव्हे, तर परीक्षा देऊन व श्रेयांक नोंदवूनच बाहेर पडावे. आपल्या तुकडीस हे नियम लागू आहेत किंवा कसे, याची महाविद्यालयात खात्री करावी. १९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून काम करता करता पदवी पूर्ण करण्याचा मार्गही खुला आहे.

शिक्षकांचे कर्तव्य

ओढ खरी की वरवरची, हे सुटीत पारखता येते. जत्रा, सप्ताह आणि लग्नसराईत जिल्ह्यातील ध्वनिव्यवस्था करणाऱ्यांकडे दोन महिने राबून, तारा गुंडाळून, रात्री जागून पाहावे. त्यानंतरही ओढ कायम राहिली, तर शिक्षकांनी घरच्यांस हे क्षेत्र समजावून सांगावे आणि विद्यार्थ्यास पदवी पुरी करण्याचा आग्रह धरावा. घरातील पहिली पदवी अर्धवट राहिली, तर पाठच्या भावंडांचे शिक्षणही थांबण्याचा धोका असतो, याचा विचार निर्णय घेताना अवश्य व्हावा.