चलाच्या नावाआधी खूण कशाला?

‘कर’ या शब्दाचा अर्थ काय? ‘त्याने कर जोडले’ यात हात, ‘त्याने कर भरला’ यात सरकारी कर, आणि ‘अभ्यास कर’ यात तर ते क्रियापदच! वाक्य वाचताना तुमचा गोंधळ होत नाही, कारण संदर्भ तुम्हांला कळतो. संगणकाला असा अंदाज बांधता येत नाही. म्हणून काही संगणकभाषांत चलाच्या नावालाच, म्हणजे ज्या नावाखाली आपण एखादी किंमत साठवतो त्या नावाला, खूण जोडावी लागते. उदाहरणार्थ, पीएचपी या भाषेत प्रत्येक चलाच्या नावाआधी $ हे चिन्ह हवेच.

या प्रश्नाचे मूळ यंत्राच्या स्मृतीत आहे. आयबीएम ७०४ या संगणकाच्या स्मृतीतील प्रत्येक घरात ३६ द्विमान अंक, म्हणजे ० किंवा १, मावत. तेच ३६ अंक म्हणजे एखादी पूर्णांक संख्या असू शके, दशांश संख्या असू शके, किंवा सहा अक्षरेही असू शकत. घरावर पाटी नसे. पूर्णांकांची बेरीज करण्याची आज्ञा वेगळी, दशांश संख्यांची वेगळी. चुकीची आज्ञा दिली तर यंत्र तक्रार न करता भलतेच उत्तर देणार.

या यंत्रासाठी जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये फोरट्रान ही भाषा तयार केली. त्यांनी युक्ती अशी काढली की, नावाचे पहिले अक्षर हीच खूण मानायची. नाव आय, जे, के, एल, एम किंवा एन यांपैकी एखाद्या अक्षराने सुरू झाले तर तो पूर्णांक. इतर कोणत्याही अक्षराने सुरू झाले तर दशांश संख्या. गणितात अनुक्रम दाखवायला आपण हीच अक्षरे वापरतो, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

पण भौतिकीच्या माणसाला ही सोय चांगलीच नडते. वस्तुमानासाठी एम, लांबीसाठी एल, विद्युत्प्रवाहासाठी आय ही आमची नेहमीची अक्षरे, आणि नेमकी तीच पूर्णांकांच्या वाट्याला गेलेली! एम.एस्सी.ला असताना मी साध्या लंबकाचा आवर्तकाल काढण्यासाठी फोरट्रानमध्ये आज्ञावली लिहिली. लांबीला एल हे नाव दिले आणि तिची किंमत ०.८ मीटर ठेवली. उत्तर यायला हवे होते सुमारे १.८ सेकंद, आले शून्य. पूर्णांकाच्या घरात ०.८ मावत नाही, दशांश चिन्हापुढचे सारे गळून पडते आणि उरते ०. हे निदान डोळ्यांत भरले. लांबी १.५ मीटर असती तर यंत्राने ती १ धरून २.०१ सेकंद सांगितले असते, आणि खरे उत्तर २.४६ आहे याचा मला पत्ताही लागला नसता. त्या दिवसापासून मी एलच्या आधी एक्स जोडू लागलो. माझ्यासारखे कित्येक जण तेच करीत. पुढे फोरट्रान ९० मध्ये हा अक्षरांचा नियम बंद ठेवून प्रत्येक चलाचा प्रकार आधी जाहीर करण्याची सोय अधिकृतपणे आली.

युनिक्सच्या शेलमध्ये अडचण निराळी आहे. तेथे साधा शब्द म्हणजे तो शब्दच. ‘गाव’ छापायला सांगितले तर ‘गाव’ हीच अक्षरे उमटणार. गाव या नावाखाली ‘सातारा’ ठेवले असेल आणि तेच छापून हवे असेल, तर $गाव असे लिहावे लागते. (खरी आज्ञा रोमन लिपीत असते, येथे समजण्यासाठी देवनागरीत दिली आहे.) $ म्हणजे ‘या नावाची किंमत आण’.

लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल ही भाषा प्रसिद्ध केली. ते भाषाशास्त्र शिकलेले, त्यामुळे त्यांच्या खुणा एकवचन-अनेकवचनासारख्या वागतात. $गुण म्हणजे एकच किंमत, @गुण म्हणजे गुणांची अख्खी यादी, आणि %गुण म्हणजे नावावरून गुण शोधण्याचा तक्ता. तिन्ही चल वेगळे. एकत्र नांदू शकतात. गंमत अशी की, @गुण या यादीतला एखादा आकडा हवा असेल तर तो $ लावूनच मागायचा, कारण आकडा एकच आहे!

१९९५ मध्ये आलेल्या पीएचपीने यांतले फक्त $ ठेवले. ते किमतीचा प्रकार सांगत नाही. ‘हा चल आहे’ एवढेच सांगते. मग फायदा काय? भाषेतल्या राखीव शब्दांशी चलाच्या नावाची टक्कर होत नाही. शिवाय दुहेरी अवतरणचिन्हांतील मजकुरात मध्येच $गुण लिहिले, तर त्या जागी त्याची किंमत भरली जाते.

पास्कल आणि सी या भाषांत चलाचा प्रकार आधी जाहीर करायचा असतो, म्हणून खूण लागत नाही. पायथनमध्ये तर प्रकाराची नोंद किमतीबरोबरच ठेवलेली असते.

आता एक गणित. फोरट्रानच्या जुन्या नियमाप्रमाणे एम = २.७ आणि व्ही = १० ठेवून गतिज ऊर्जा काढा. सूत्रातील निमपट ०.५ अशी लिहा. मग ०.५ ऐवजी सुरुवातीलाच १/२ लिहून पुन्हा काढा. पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की तेथे उत्तरही पूर्णांकच येते, हे ध्यानात ठेवा.